अर्थिंगचा लोचा

अहो वहिनी, भिंतीपाशी आलाच आहात तर थांबा जरा. मध्यंतरी तुमच्या ह्यांनी आमच्या धाकट्याला विचारलं ना, गाडीचा बेल्ट घासतोय का म्हणून? तो कुंईऽऽ कुंईऽऽ आवाज बेल्टचा नव्हताच हो. स्पीकरचा होता! इंजिन बापडं ठणठणीत. काचा खाली असल्या की गल्लीभर ऐकू जायचं, म्हणून सगळ्यांना वाटलं गाडीच बिघडली. गाणं लावलं तरी यायचा, बंद केलं तरी यायचा.

तुम्ही माहेरी होतात, म्हणून तुमचं सगळं रामायण हुकलं. इकडे नऊ-ए सेक्टरपासून दोन-सीपर्यंत सगळ्यांना पाठ झालंय.

त्याचं असं झालं. ह्यांची जुनी डिझेल गाडी धाकट्याने घेतली. घेतली म्हणजे किल्ली खिशात टाकली, इन्शुरन्स अजून हेच भरतात. पहिला बोनस हातात आला तेव्हा मला वाटलं, आईला एखादी महेश्वरी घेईल. छे! डिकीत ठेवायला सबवूफर आणला आणि सीटखाली ॲम्प्लिफायर. दुकानवाल्याने दुपारभर खपून बसवून दिलं, पैसे मोजून घेतले, आणि चिरंजीव घरी येताना सबंध बरखेडा दणाणवत आले. तोवर कुणाला काही कळलं नाही. त्याच्या त्या धाडधाड गाण्यांत सायरन वाजला तरी कळायचं नाही.

कळलं ते देवासला जाताना. माझ्या चुलत नणंदेकडे मुंज होती. ह्यांना गाडीत कुमारजीच, म्हणजे कुमार गंधर्वच, लागतात, त्यात देवासचा रस्ता म्हणजे विचारायलाच नको. १९४८ पासून कुमारजी तिथे राहिले, १९९२ च्या जानेवारीत तिथेच गेले. हे प्रत्येक वेळी सीहोरचा टोलनाका दिसला की सांगतात, मीही प्रत्येक वेळी 'हो का' म्हणते. तर निर्गुणी भजन लावलं. आता कुमारजींचं कसं, वहिनी, ते गातात तितकेच थांबतात. एक ओळ फेकली की मध्ये मोकळी जागा. आणि कुमारजी थांबले रे थांबले की आमची गाडी गायला लागायची. कुंईऽऽ! धाकट्याने ॲक्सिलरेटर दाबला की सूर वर, पुढे ट्रक आला, पाय काढला की सूर खाली. आष्टा येईपर्यंत ह्यांनी सहन केलं. मग म्हणाले, 'तंबोऱ्याला कुणीतरी आवरा.' सोनकच्छपासून पुढे टेप बंद. मुंजीत जेवतानाही बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत.

आल्यावर गल्लीत ज्याची त्याची अक्कल सुरू झाली. समोरच्या आजींचं म्हणणं, हे मेट्रोमुळे. एम्सचं स्टेशन हे इथे हाकेवर, रुळाशेजारून साडेसातशे व्होल्टची वीज धावते, मग गाड्यांना बाधा होणारच. कोपऱ्यावरच्या भाडेकरूने त्याच्यावर कडी केली, म्हणे एम्समधलं एमआरआय मशीन हवेतून खेचतं. धाकट्याच्या एका मित्राने छातीठोकपणे सांगितलं, स्पार्क प्लग बदल. डिझेल गाडीत स्पार्क प्लग! ते पेट्रोलच्या गाडीत असतात एवढं तर मलाही ठाऊक आहे.

मग स्वारी पुन्हा त्या दुकानात. कुठलं दुकान ते विचारू नका, दुकानदाराची बहीण आपल्या भिशीत आहे. त्या पोराने बॉनेट उघडलं, मान हलवली आणि काय म्हणाला असेल? मी बरोबर होते म्हणून सांगते. म्हणाला, 'आंटी, अर्थिंग का लोचा है. फिल्टर डाल देंगे तो पता नहीं चलेगा.' म्हणजे बघा, रोग त्याला ठाऊक होता! पण अर्थिंगची वायर काढून परत लावायचे काही पैसे मिळत नाहीत, फिल्टर विकला की मिळतात. लाल वायरवर एक डबी बसवली, काही फरक नाही. मग स्टिरिओकडून ॲम्प्लिफायरकडे येणाऱ्या वायरीत दुसरी डबी घातली. त्याने मात्र आवाज गेला. धाकटा खूश. ह्यांनी भजन लावलं, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, 'तबलजीचा डावा हात कुठे गेला?' खरंच हो, डग्गा पार पातळ. आणि सबवूफरवर एवढे पैसे घातलेले! त्या डबीत इवलासा ट्रान्सफॉर्मर असतो. आवाज एका बाजूने जातो, चुंबकाच्या वाटेने दुसरीकडे निघतो, मध्ये तारेची गाठ नाही, म्हणून कुंई तुटते. पण स्वस्तातला असला की त्याला खालचे सूर पेलत नाहीत. कुंई गेली, बायाँ घेऊन गेली.

हे सगळं मला कुणी सांगितलं म्हणता? भेलवाल्या काकांनी, आणखी कुणी.

काका म्हणजे मूळचे वर्ध्याचे, आयुष्य गेलं भेलच्या ट्रॅक्शन मोटरच्या ब्लॉकमध्ये. रेल्वे इंजिनांच्या मोटरी, वहिनी! एकेक मोटर आपल्या दिवाणाएवढी, आणि हा माणूस तिच्या आत हात घालून आयुष्यभर बसला. तो कारखाना १९५६ चा, काका त्यात लागले ते निवृत्तीलाच बाहेर पडले. आता घरी असतात आणि काकूंच्या डोक्यावर असतात. काकूंचा मिक्सर दिवाळीपासून टेबलावर उघडा पडलाय, चटणी पाट्यावर वाटतात बिचाऱ्या. पण गल्लीत कुणाचं काही बिघडलं की हे मीटर घेऊन हजर. काकू मला म्हणाल्या, 'तुमच्या गाडीला लवकर बरं वाटू दे, म्हणजे माझा नंबर लागेल.'

काका आले ते गाडीला हातही लावला नाही, धाकट्याकडून दुकानवाल्याची ती दुसरी डबी तेवढी काढून ठेववली. खुर्ची मागितली, चहा मागितला आणि धाकट्याची उलटतपासणी सुरू केली.

'इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली, तर आवाज आहे?'

'नाही, काका.'

'इंजिन चालू केलं की?'

'येतो.'

'रेस दिली की चढून राहिला?'

'हो.'

'आवाजाचं बटण शून्यावर नेलं तर कमी होते का?'

इथे आमचा शहाणा गप्प. एवढे दिवस गाडी घेऊन फिरला, पण हे बघितलंच नव्हतं. बटण शून्यावर नेलं, तरी कुंई तेवढीच. वाढवलं, तरी तेवढीच. काका खुर्चीतूनच म्हणाले, 'झालं ना मग. अर्धी गाडी वाचली.' मला काही समजेना. तर म्हणाले, आवाज कमीजास्त करायचं बटण स्टिरिओत आहे. कुरकुर स्टिरिओच्या आधी कुठे शिरली असती, तर बटणाबरोबर तीही लहान-मोठी झाली असती. ती होत नाही, म्हणजे बटणाच्या पुढे शिरते. स्टिरिओ डॅशबोर्डमध्ये, ॲम्प्लिफायर सीटखाली. जे काही आहे ते या दोघांच्या मध्ये. दुकानवाला तर नवा स्टिरिओ घ्या म्हणत होता, बघा!

मेट्रोचं निघालं तेव्हा एवढे हसले! म्हणाले, देवासच्या रस्त्यावर कोणती मेट्रो होती? आणि एमआरआयची खोली तर आतून तांब्याने मढवतात, बाहेरची रेडिओची लाट आत जाऊन चित्र खराब करू नये म्हणून. 'आणि त्या मशीनला काऊन कळते रे, तू ॲक्सिलरेटर कधी दाबला ते?' समोरच्या आजी गॅलरीतून ऐकत होत्या, आत गेल्या.

मग सूर कुठून येतो ते सांगितलं, आणि वहिनी, मला तर भारी मौज वाटली. गाडीत अल्टरनेटर असतो ना, बॅटरी चार्ज करणारा, तो मुळात आपल्या घरातल्यासारखी उलटसुलट वीज काढतो. तीन फेजची. बॅटरीला सरळ वीज लागते, म्हणून आतच सहा डायोड बसवलेले असतात, ते तिला सरळ करतात. पण अगदी गुळगुळीत नाही होत, वर बारीक उंचवटे राहतात. ते उंचवटे मोजायचं गणित काकांनी बिलाच्या पाठीवर करून दाखवलं. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला आठशे फेरे मारतं. अल्टरनेटरची कप्पी लहान, ती अडीच पट फिरते, म्हणजे दोन हजार. आतल्या चकतीवर चुंबकाच्या सहा जोड्या, आणि प्रत्येक जोडीमागे सहा उंचवटे. सगळा गुणाकार केला की सेकंदाला बाराशे. बाराशेचा सूर म्हणजे चांगली वरच्या पट्टीतली शिटी. रस्त्यावर इंजिन दोन हजारावर गेलं की तीच शिटी तीन हजारांवर. म्हणून ती गाडीच्या वेगाबरोबर चढते-उतरते. हे लगेच आतून पेटी घेऊन आले, बाराशेला कोणता स्वर बसतो ते बघायला. काकांनी हात जोडले.

पण अल्टरनेटर हे काम सगळ्याच गाड्यांत करतो, मग सगळ्याच का नाही गात? त्यासाठी काकांनी पहिल्यांदा बॉनेट उघडलं. मीटर एसीवर लावून बॅटरीवर ठेवलं, इंजिन चालू, हेडलाइट चालू. एका व्होल्टचा विसावा भाग आला. म्हणाले, डायोड चांगले आहेत. अर्धा व्होल्ट आला असता तर अल्टरनेटर उतरवावा लागला असता. मग डीसीवर लावून बघितलं, तर चौदाला थोडंसं कमी. तेही ठीक. मला वाटलं सुटलो, तेवढ्यात त्यांची नजर लाल वायरवर गेली आणि पारा चढला. बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाडजूड वायर, आणि फ्यूज कुठे? पार मागे, सीटपाशी! धाकट्याला म्हणाले, फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत पाहिजे. मध्ये कुठे पत्र्याने वायर कापली, तर बॅटरीची सगळी ताकद त्या जागी, आणि तुझा तो मागचा फ्यूज मजा पाहत बसेल. गाडी पेटते अशाने. कुंईपेक्षा हे आधी कर, म्हणाले, आणि ते केल्याशिवाय पुढे हात लावला नाही. बॅटरीची निगेटिव्ह पट्टी काढायला लावली, मग फ्यूज पुढे आणला.

त्यानंतरचं मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं. काकांनी दोन जुन्या पिना आणल्या होत्या, स्टिरिओकडून येणाऱ्या लाल-पांढऱ्या वायरीच्या टोकाला असतात ना, तसल्या. प्रत्येकीची मधली कांडी बाहेरच्या कड्याला डाग देऊन जोडलेली. ॲम्प्लिफायरची लाल-पांढरी वायर काढली आणि तिथे ह्या पिना खोचल्या. इंजिन चालू. काही नाही! इतकं शांत की आजींच्या घरचा कुकर ऐकू आला. पिना काढून वायर लावली, की कुंई हजर. 'ॲम्प्लिफायर निर्दोष,' काका म्हणाले, 'घाण वायरीतून येऊन राहिली.' वर हेही सांगितलं, की ही वायर गाडीची वीज चालू असताना ओढायची नाही. काही स्टिरिओत तिच्या बाहेरच्या कड्यासाठी बोर्डवर चिमुकला फ्यूज असतो. तिला चुकून लाल तार लागली की तो उडतो, गाणं वाजत राहतं, पण कुंई कायमची घरात येते. लोक मग स्टिरिओ फेकून देतात. आमचा शाबूत होता, मीटर लावून बघितलं त्यांनी.

आता राहिलं अर्थिंग. ॲम्प्लिफायरची काळी वायर कुठे कसली होती माहितीये? सीटबेल्टच्या बोल्टाला! काका गालिचा उचलून आत वाकले आणि तिथूनच ओरडले, 'काऊन बे, हे कोणी केलं?' एक तर तो बोल्ट जीव वाचवायचा आहे, त्याला कुणी वायरी बांधतं का? आणि दुसरं, बोल्टाखाली कंपनीचा रंग जसाच्या तसा. रंग म्हणजे वीज अडवणारा. काकांनी मीटरची एक तार त्या बोल्टाला, दुसरी लांब करून बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, आणि धाकट्याला म्हणाले, लाव तुझं ते दणदणीत गाणं. शून्य यायला पाहिजे, तिथे मीटर अर्ध्या व्होल्टच्या वर नाचत होतं. वीस अँपिअर वीज जाते आणि वाटेत नुसती ०.०३ ओहमची अडचण असली, तरी ०.६ व्होल्ट उभे राहतात. कागदावर दिसणारही नाही अशी अडचण. पण स्टिरिओकडून येणारं गाणं तरी किती असतं? हळू वाजवलं की व्होल्टच्या शतांशात. त्याच्यासमोर हा अर्ध्या व्होल्टचा दांडगा!

मला कळावं म्हणून मी विचारलं, काका, पण ती वीज गाण्याच्या वायरीत शिरतेच कशाला? तर आपल्या गल्लीची नाली दाखवली. म्हणाले, सगळ्यांच्या मोऱ्यांचं पाणी शेवटी एकाच नालीला मिळतं ना? नाली तुंबली की पाणी थांबत नाही, ज्याच्या अंगणात उतार मिळेल तिथून वाट काढतं. गाडीचा पत्रा ही नाली. ॲम्प्लिफायरची परतीची वीज रंगावर अडली, तिने दुसरी वाट शोधली. लाल-पांढऱ्या वायरीवर जे जाळीचं आवरण असतं, ते दोन्ही टोकांना अर्थला जोडलेलं. तिथून निघाली डॅशबोर्डकडे, आणि जाताना अल्टरनेटरचे ते बाराशे उंचवटे गाण्यात मिसळून गेली. तुमच्या घराची ओल गेल्या पावसाळ्यात कुठून आली होती, आठवतंय ना? मला तर चटकन समजलं.

मग दोघं लागले कामाला. सीटबेल्टचा बोल्ट मोकळा करून होता तसा घट्ट कसला. जवळच गाडीच्या जाड पत्र्यावर एक जागा शोधली, खाली पेट्रोलची किंवा ब्रेकची नळी नाही ना हे आधी वाकून बघितलं. पॉलिश पेपरने रंग घासला, नाण्याएवढा पत्रा चकचकीत पांढरा होईपर्यंत. धाकटा दोनदा घासून थांबला, काका म्हणे अजून. काळी वायर लाल वायरीइतकीच जाड घेतली आणि वीतभरच ठेवली. दातेरी वॉशर घातला, तो पत्र्यात रुततो म्हणे, नट कसला आणि वरून व्हॅसलिन फासलं, गंज धरू नये म्हणून. आपल्याकडे पाऊस कसा कोसळतो! व्हॅसलिन माझं होतं, नवीन डबी. पुन्हा मीटर लावलं तर काटा हलेना म्हणावं असं, ०.०४ का काहीसं. दुकानवाल्याची ती डग्गा खाणारी डबी फेकूनच दिली, इंजिन चालू केलं, रेस दिली. गाडी मुकी!

अगदी मुकी नव्हती म्हणा. कान लावला की बारीक कुणकुण होतीच. ती लाल-पांढरी वायर जाड लाल वायरीच्या कडेकडेने एकाच पट्टीखालून नेली होती, तिला दुसऱ्या दरवाज्याच्या बाजूने फिरवली. आणि ॲम्प्लिफायरवर एक छोटा स्क्रू असतो, गेनचा, तो दुकानवाल्याने पूर्ण पिळून ठेवला होता, गिऱ्हाइकाला वाटावं काय आवाज आहे! त्याने सूंऽऽ असा हवेचा आवाज वाढतो. काकांनी तो खाली आणला, स्टिरिओचं बटण वर नेलं. गाणं तेवढंच, सूं गेली.

आमच्या मुलीचं वेगळंच निघालं. ती गाडीत बसली की फोन चार्जिंगला लावते आणि फोनचीच वायर ऑक्समध्ये खोचते. तिला पुन्हा कुंई आली, मी घाबरून काकांना हाक मारायला निघाले. ती आतून म्हणाली, आधी चार्जर काढून बघू. चार्जर काढला, कुंई बंद. एकाच फोनला दोन वाटांनी अर्थ, म्हणजे इथेही तीच नाली. आता ती ब्लूटूथवर लावते. मी म्हटलं, पोरगी शहाणी निघाली. काकांच्या हाताखाली ठेवायला हवी होती, ती गेली कॉमर्सला.

चहाच्या दुसऱ्या फेरीला काकांनी जुन्या गोष्टी काढल्या. त्यांच्या साहेबांच्या फियाटमध्ये रेडिओ होता. त्याला पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागायचं, घरच्या रेडिओला लागायचं तसंच. आणि गाडी चालू झाली की रेडिओ तडतड, तडतड. ठिणगीची गाडी, प्रत्येक ठिणगी म्हणजे एक बारकं रेडिओ स्टेशन. प्लगच्या वायरींना रोधक घालायचे, डायनॅमोवर कंडेन्सर बांधायचा, तेव्हा कुठे बातम्या ऐकू यायच्या. अमेरिकेत त्या गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटरसाठी रेडिओ काढला, त्याचंच नाव मोटोरोला. त्यांचाही सगळा जीव ही तडतड मारण्यातच गेला होता म्हणे. आता पेट्रोलच्या गाड्यांत प्लगच्या आतच रोधक असतो, प्लगच्या नंबरात आर असं अक्षर असतं ना, तो त्याचा. म्हणून तुमच्या गाडीत तडतड नाही.

तुमच्या गाडीत वेगळंच आहे, तेही विचारून ठेवलंय मी. तुमचे हे म्हणत होते ना, विविध भारती नीट लागत नाही, खरखर येते, एरियल बदलायला हवी? थांबवा त्यांना. तो काचेवर डॅशकॅम कधी लावला? आणि खरखर कधीपासून? बघा! त्याचा चार्जर बारा व्होल्टचे पाच करतो, आणि ते करताना वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतो. त्याचे शिंतोडे उडत उडत थेट एफएमच्या पट्ट्यात जातात, अठ्ठ्याऐंशी ते एकशे आठमध्ये. इथे अर्थिंगचा प्रश्नच नाही, हे हवेतूनच येतं. काका म्हणाले, नुसता चार्जर उपसा, रेडिओ सुधारला की चोर सापडला. मग वायरीवर ते फेराइटचं काळं बोंडुक बसवायचं, वायर एरियलपासून लांबून न्यायची, किंवा जरा बरा चार्जर घ्यायचा. अख्खी गाडी पुण्याला वेताळ टेकडीवर एआरएआयमध्ये तपासतात, तिच्यातून रेडिओला त्रास होईल अशा लहरी किती निघतात त्याचेही नियम आहेत. आणि आपण काय करतो? ती सगळी तपासलेली गाडी घरी आणतो आणि चौकात मिळणारा चार्जर तिच्यात खोचतो. तुमच्या ह्यांना माझं नाव सांगू नका, ते म्हणतील शेजारीण गाडी शिकवते.

आणि हो, परवा आम्ही पुन्हा देवासला गेलो, आहेराची भांडी बदलायला. भजन लावलं. कुमारजी थांबले, आणि गाडीत खरंच कुणी नाही असं वाटलं. हे एवढे खूश, धाकट्याला वाटेत पोहे-जलेबी खाऊ घातली! धाकट्याने ती संधी साधून स्वतःचं गाणं लावलं, सबवूफर वाढवला, आणि मागून नवीनच भानगड. धडाम झालं की टर्रर्र, धडाम झालं की टर्रर्र. इतके दिवस कुंईच्या नादात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. घरी आल्यावर काकांना बोलावलं. त्यांनी मीटर काढलंच नाही. डिकीवर तळहात ठेवला, नंबर प्लेट दाबली, टर्रर्र बंद. म्हणाले, 'हे विजेचं नाही, पत्र्याचं आहे. माझं काम संपलं,' आणि चालू पडले. मिक्सरकडे नव्हे हो, मंदिरापाशी कुणाचा तरी इन्व्हर्टर बसलाय.

नंबर प्लेटच्या मागे काहीतरी मऊ भरायला पाहिजे, एवढं सांगून गेलेत. तुमची ती जुनी निळी योगाची चटई आहे ना, मांजराने कुरतडलेली? टाकायची असेल तर वीतभर कापून द्या, धाकट्याला पाठवते संध्याकाळी.